अस्वलघराची मडकी

या गावात मी मेलेली बाई म्हणून जगते. आन्दियोराची थोरली लेक आओनेत्ता तापाने गेली, आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या घराण्याच्या, म्हणजे अस्वलघरच्या पुरुषांनी मला मोठ्या नदीकाठच्या आमच्या गावातून उचलून आणलं. तेव्हा मी आईशेजारी बसून मातीला नुकता कुठे हात लावायला शिकले होते. आन्दियोराने माझं तोंड धुतलं, केसांना सूर्यफुलाचं तेल चोळलं, तिच्या लेकीची शिंपल्यांची माळ माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "आलीस गं आओनेत्ता. किती वाट बघायला लावलीस." तेव्हापासून मी आओनेत्ता.

इथल्या या वेन्दात लोकांचं असं आहे की नाव मिळालं की नावाबरोबरचं सगळंच गळ्यात येतं. मेलेलीचा भाऊ माझा भाऊ झाला, मामा माझा मामा झाला, आणि तिची भांडणंही माझी झाली. आमच्या लांबघरात एकाच छपराखाली साऱ्या नातलगांच्या चुली; पलीकडच्या चुलीवरची ओन्द्राया मावशी माझ्याशी धड बोलायची नाही. का, तर मी म्हणे तिच्या नवऱ्याला चारचौघांत बेडूक म्हणाले होते. तो नवरा मी पाहिलासुद्धा नाही, माझ्या येण्याआधीच तो गेला होता. शेवटी एकदा मी तिची माफी मागितली. तेव्हा ती नाक मुरडून म्हणाली, "आता मागून काय उपयोग? जिवंत होता तेव्हा मागायचीस."

आन्दियोरा, म्हणजे आई, मला जुन्या गोष्टी सांगायची. लहानपणी तू त्या झाडावरून पडलीस, गुडघा फुटला, आठवतं का? मी म्हणायची, हो आई. एकदा ती माझ्या पायांना तेल लावत होती. गुडघ्यापाशी तिचा हात थांबला, कारण तिथे व्रण नव्हता. मग तिने दोन्ही गुडघ्यांना भरपूर तेल चोळलं.

तिने मला मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं, तर मी पळून तरी गेले असते, नाहीतर मनातल्या मनात शिव्या तरी घातल्या असत्या. पण ती माया करायची. माया करणाऱ्या माणसाला शिवी कशी घालायची ते मला कधी जमलं नाही. पुढे लग्न झालं, दोन मुलगे झाले, आणि इथे वंश आईकडून चालतो म्हणून ते अस्वलघराचे. नदीकडची बोली बोलायला कुणी नव्हतं. मी सरपण आणायला रानात गेले की एकटीच स्वतःशी थोडी पुटपुटायची, आणि ऐकून कुत्रीही माझ्याकडे संशयाने बघायची.

मडकी मात्र मी यांच्यासारखीच करायला शिकले. भाजलेले दगड कुटून मातीत मिसळायचे, गोळा थापीने थापून पोकळ करायचा, काठाला बुटकी पट्टी द्यायची आणि तिच्यावर तिरक्या रेघा ओढायच्या. झालं यांचं मडकं. आमच्याकडे काठ उंच असतो, त्याला चार टोकं काढतात, आणि प्रत्येक टोकाखाली पोकळ काडीने तीन गोल दाबतात. दोन डोळे आणि खाली तोंड. मडकं आतल्या अन्नावर लक्ष ठेवतं असं माझी जन्माची आई म्हणायची. एका उन्हाळ्यात माझं लक्ष भलतीकडे होतं आणि हातांनी आपोआप ते तीन गोल दाबले. मी अंगठ्याने ते पुसायला गेले. आन्दियोराने मडकं फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतंय. कुठून सुचलं गं?"

मी म्हणाले, "असंच."

मग मावसबहीण यात्सीने ते उचललं, तिचं पाहून बाकीच्या पोरींनी. दोन-तीन उन्हाळ्यांत आमच्या लांबघरातल्या प्रत्येक चुलीवर डोळे-तोंडवाली मडकी झाली. बाहेरच्या गावांतले लोक सोयरीकीला आले की म्हणायचे, ही तर अस्वलघराची मडकी. मला आधी बरं वाटलं. पुढे पुढे बघवेना. कारण पोरींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणी चार गोल दाबायची, कुणी पाच, यात्सी तर डोळ्यांच्या वर तोंड काढायची. ओरडून सांगावं असं वाटायचं की अगं, उलटं झालंय ते. पण जे असंच सुचलेलं आहे त्यात उलटं-सुलटं काय असणार?

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटायची नाही. मडकी बायका करतात आणि चिलमी पुरुष करतात. या गावात आमच्या वळणाची चिलीम कुठेच नव्हती. नदीकडचे पुरुषही इथे आणले गेले होते, पण चिलीम घडवण्याइतके दिवस त्यातला एकही राहिला नाही.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ तेहारो नदीकडच्या लढाईत पडला. तेहारो म्हणजे आन्दियोराचा खरा मुलगा. मोठा हसरा पोरगा होता, मी रडले त्याच्यासाठी, खोटं नाही. त्यानंतर महिन्याभरात ओत्सिन्हा मामाची माणसं एका नदीवाल्याला पकडून घेऊन आली. मासे धरत असताना सापडला होता. एका हाताची बोटं वाटेतच ठेचलेली. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, त्याच्या शब्दाला गावात वजन. त्याने तो माणूस आईपुढे उभा केला आणि म्हणाला, घे, तुझा तेहारो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. आई त्याला जवळ घेते, जखमा धुते, भरवते, नावाने हाक मारते. त्याने ओ दिली तर मेलेला परत आला. नाही दिली तर तो नुसता शत्रू उरतो आणि त्याला जाळतात, सावकाश. कणसं उतरवायच्या आत काय ते कळू दे, एवढं सांगून मामा गेला.

माणूस ओ देईना. आई त्याच्या बोटांना अस्वलाची चरबी लावायची, मक्याच्या कण्यांचं वाडगं पुढे ठेवायची, "तेहारो, खा रे बाळा," म्हणायची. तो भिंतीकडे बघत बसायचा. मी दुसऱ्या चुलीपाशी काम काढून बसायची आणि मान वर करायची नाही. इतक्या वर्षांत नदीकडचं मोठं माणूस एवढ्या जवळून मी पाहिलं नव्हतं. त्याने एक शब्द बोलावा म्हणून माझा जीव तुटत होता, आणि त्याने बोलू नये म्हणूनही.

मग तो बोलला, पण चुकीच्या बाईशी. यात्सी दाराजवळच्या उजेडात मडक्याच्या काठावर गोल दाबत बसली होती. तो तिच्याकडे झुकला आणि हळूच आमच्या बोलीत म्हणाला, "बाई, तुझी आई कुठल्या गावची?"

दोन्ही बोली सख्ख्या नसल्या तरी चुलत आहेत. आई, बा, गाव, असले शब्द इकडचे तिकडे कळतात. यात्सीने मडकं टाकलंच. "मी काय नदीवाली वाटते याला?" म्हणून ती किंचाळली. तो गोंधळून मडक्यावरच्या गोलांकडे बोट दाखवायला लागला, मग चुलीवरच्या मडक्यांकडे, मग फळीवरच्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतके दिवस तो काय समजून बसला होता. या घरातल्या सगळ्या बायका आपल्याच, आणि धाकाने गप्प आहेत, असं त्याला वाटत होतं. एवढ्या मडक्यांमागे हात मात्र एकच होता. त्याचा चेहरा पडला तो मला बघवला नाही.

ओन्द्राया मावशी सावकाश उठली. "म्हणजे हे डोळे-तोंड नदीवाल्यांचं होय?" ती म्हणाली. "आणि आपण त्यात शिजवून खातोय." सगळं घर माझ्याकडे वळलं. मी दगड कुटत होते, कुटतच राहिले.

आईने खाली पडलेलं ओलं मडकं उचललं, यात्सीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "माती वाया घालवू नकोस. नीट कर ते." बस्स, तेवढंच. पण बातमी मामापर्यंत गेली आणि तो दुपारी येऊन माझ्यासमोर बसला. चिलीम ओढत तो म्हणाला, "पोरी, हाताला अजून तिकडचं आठवतं. पायांना नाही ना आठवत?" मी म्हणाले, नाही मामा. दत्तक आलेल्या एका बाईने कैद्याला वाट दाखवली होती, तिचं काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. जाताना त्याने माझ्या धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी आईने वाडगं माझ्या हातात दिलं. "तुझा भाऊ आहे. समजाव त्याला," ती म्हणाली. "त्याला कळेल असं बोल. मी इथेच बसते." भर दिवसा, सगळ्या घरासमोर. मी बोलले तर सगळ्यांना कळणार की ही अजून तिकडचीच आहे. नाही बोलले तर कणसं उतरायला आलीच होती. मी वाडगं घेऊन उठले. त्याच्यापुढे बसले आणि तोंड उघडलं. आमच्या बोलीत म्हणाले, खा, नाहीतर पोट दुखेल.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"केवढी होतीस गं तुला उचललं तेव्हा?" त्याने विचारलं. "माझी धाकटी बोलते तसं बोलतेस."

मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. दोन पोरांची आई मी, आणि माझी बोली लहान पोरीची राहिली होती, कारण तिच्या पुढचे शब्द मला कुणी दिलेच नव्हते. त्याने नाव सांगितलं, दोनागे. बायको होती, दोन मुली होत्या. मी म्हणाले, ते आता बोलायचं नाही. आई नावाने हाक मारेल तेव्हा हो म्हणायचं.

"आणि माझं नाव?"

"गिळून टाक."

"मग?"

"मग ही माणसं तुझ्यावर माया करतील."

"वाईट बातमी दिल्यासारखं सांगतेस," तो म्हणाला.

त्याला काय सांगणार? मरण वाईट असतं म्हणावं तर ते त्यालाही कळत होतं. मी खरं तेच सांगितलं, पोरीच्या शब्दांत, दुसरे नव्हतेच. "मला बोलायला कुणी नाही. तू राहा." मग तेहारोच्या चार गोष्टी सांगितल्या. कुठल्या बाजूला झोपायचा, काय आवडायचं, लहानपणीच्या कुत्र्याला काय हाक मारायचा. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. वाडगं मात्र त्याने रिकामं केलं.

कणसं उतरवायच्या आदल्या दिवशी मामा आणि म्हातारी माणसं येऊन बसली. आईने त्याला समोर बसवलं. "तेहारो," ती म्हणाली, "तुझ्या कुत्र्याचं नाव काय होतं रे?"

त्याने आधी भिंतीकडे, मग आईकडे पाहिलं. मग वेन्दात बोलीत, अडखळत, त्याने नाव सांगितलं. आणि स्वतःच्या पदरचं जोडलं, "एका डोळ्याने आंधळा होता तो."

कुत्र्याचे दोन्ही डोळे धड होते. घरातल्या सगळ्यांनी तो कुत्रा पाहिलेला.

"हो," आई म्हणाली. "आंधळा होता." आणि त्याचं डोकं छातीशी धरून ती हमसून हमसून रडली. मामाने तिच्याकडे पाहिलं, मग चिलीम पेटवली. दोनागे वाचला.

त्या हिवाळ्यात माझ्याएवढं सुखी कुणी नसेल. मी वाट बघत होते, एकदा तरी तो एकटा भेटेल. बर्फ वितळल्यावर सरपणाला गेलो तेव्हा भेटला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी आमच्या बोलीत म्हणाले, बघ, पाखरं आली. त्याने ओझं खाली ठेवलं, शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि वेन्दात बोलीत म्हणाला, "आक्का, काय म्हणतेस? मला नाही समजलं."

मला वाटलं थट्टा करतोय. पुन्हा म्हटलं. तेच उत्तर, तोच कोरा चेहरा. मला इतका राग आला की चिखल उचलून त्याच्या तोंडावर फेकावा. पण चूक काढायला जागाच नव्हती. हेच मी त्याला शिकवलं होतं, आणि तो ते माझ्याहून चांगलं करत होता. उरल्या बोटांनी त्याने चिलीम घडवली तेव्हा मी माझ्याच मातीतला गोळा दिला आणि डोळे लावून बसले. झाली ती हुबेहूब मामाच्या चिलमीसारखी. घर त्याच्यावर खूष होतं. ओन्द्राया मावशीसुद्धा त्याच्या विनोदांना हसायची. गोलांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आईने एकदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं की ही खूण माझ्या लेकीला सुचली आणि ती या घराची आहे. तेवढी एक गोष्ट माझी होती, तीही मायेने काढून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात मामाने नदीवर जायची तयारी केली. अस्वलघर गेलं नसतं तरी गावातले बाकीचे जाणारच होते. तेहारो, म्हणजे दोनागे, पहिला उभा राहिला. त्याला वाटा ठाऊक, घरं ठाऊक. मामाने त्याची पाठ थोपटली, आईने माळ घातली. रीतीप्रमाणे बहिणीने वाटेसाठी भाजलेल्या मक्याचं पीठ द्यायचं असतं. पिशवी त्याच्या हातात देताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या मनात नको ते येत होतं, हा आपल्याच लोकांना मारायला चाललाय की पळून जायला. तो म्हणाला, "आक्का, तुला दोन्ही मुलगेच. घराला मुलगी हवी ना?"

मी म्हणाले, आई तर रोज म्हणते.

ते परत आले तेव्हा गावाभोवतीच्या मेढेकोटाबाहेरून आरोळ्या ऐकू आल्या. गावातली पोरंटोरं पळाली. मी हात धुतले आणि दारात उभी राहिले. तो पुढून येत होता, खांद्यावर एक मुलगी. पाच-सहा वर्षांची असेल. तिच्या पायांना त्याने स्वतःच्या कातडी अंगरख्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. मामा त्याच्या मागून चालत होता, त्याच्याकडे बघत.

तो आईपाशी थांबला नाही, माझ्यापुढे आला आणि मुलीला खाली ठेवलं. वेन्दात बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "आक्का, ही तुला आणली." मग माझ्या कानाशी वाकला आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलला. "धाकटी आहे माझी. बाकी कुणी उरलं नाही. तुझी मुलगी झाली तर मी तिचा मामा. मग रोज बघता येईल." आणि तो सरळ उभा राहिला, चेहरा पुन्हा कोरा.

पोरगी घाबरली. तिने दोन्ही हात वर केले आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "बा."

हा शब्द या गावात सगळ्यांना कळतो. ओन्द्राया मावशी वळली. ओत्सिन्हा मामाने तोंडातली चिलीम काढली. तो हलला नाही. पोरीकडे बघणंही त्याने टाळलं, पण ठेचलेला हात पाठीमागे लपवला. आणखी एकदा ती तसं म्हणाली असती तर तो अजून दोनागेच आहे हे उघडं पडलं असतं आणि दोघंही त्या संध्याकाळी जिवंत राहिली नसती.

मी हसले. मोठ्याने म्हणाले, "भेदरलंय पोर, कुणालाही बा म्हणतं." आणि खाली बसून तिला घट्ट धरलं, तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं आणि आमच्या बोलीत, माझ्या पोरकट शब्दांत, तिच्या कानात म्हणाले, "तो बा नाही. तो मामा. मामा म्हण."

तिचं रडं थांबलं. तिने मान काढून माझ्याकडे पाहिलं. माझे शब्द तिला सगळेच्या सगळे कळले होते, एवढेच तर तिलाही येत होते. "का?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या पोरकट बोलण्याला माझ्याच पोरकट बोलीत उत्तर दिलं होतं. तो समोर उभा होता, त्याची पोर मी त्याच्यापासून तोडत होते, तिची आई कुठेतरी जळून गेली होती, आणि हे सगळं ठाऊक असून मला आनंद झाला. "आधी म्हण," मी म्हणाले, "मग सांगते." आणि ती म्हणाली.